दोन मोळ्यांचं बळ

फौजेत मी पंधरा वर्षं पी.टी. इन्स्ट्रक्टर होतो. जवानांना घाम गाळायला लावणं हेच माझं काम, आणि त्यात तोंडाचा फटकळ. माझा नियम एकच होता: हात गळून पडेपर्यंत थांबायचं नाही.

नाईक भागवत माझ्याच प्लाटूनमध्ये होता. तो सिरसाळ्याचा, मी धारूरचा. पुल-अप्स असोत की वाळूची पोती उचलणं, हा गडी अजून दोन वेळा जमेल अशा बेताला थांबायचा. मी त्याला सगळ्यांसमोर कामचोर म्हणायचो. तो हसून सोडून द्यायचा.

एका दुष्काळी वर्षी आम्ही दोघं एकाच वेळी सुट्टीवर आलो. भागवतच्या गावच्या सहकारी पाणी सोसायटीची विहीर आटली होती. सभासद पाळी लावून ती खोल करत होते. भागवतच्या घरची पाळी आली, म्हणून मीही मदतीला गेलो.

सकाळी सहाला आम्ही शेतातल्या कडुलिंबाच्या फांदीवर पुल-अप्स काढले. तो नेहमीसारखा आधीच उतरला.

"का थांबलास बे? अजून दोन निघाले असते."

"म्हणूनच थांबलो, उस्ताद. आमी ऊसतोडीवाले. दिवसभर तोडायचं, अन् कारखान्याची गाडी कवा येईल ते कुनाला ठाव न्हाई. आली की उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं गाडीत चढायचं. माय म्हनती, दोन मोळ्यांचं बळ अंगात ठिवूनच थांबावं."

"फौजेत गाडी वेळेवर येते," मी म्हणालो आणि त्याला दाखवायला म्हणून हात थरथरेपर्यंत फांदी सोडली नाही. वर आणखी चार काढले. पुढे दिवसभर मला टोपलं उचलताना हात जड वाटत होते, पण ते कबूल कोण करणार?

दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी विहिरीची एक बाजू ढासळली. तळाशी आम्ही दोघंच होतो. खाली उतरायची शिडी मोडून मातीत गेली. एक मोठी दरड आमच्यावर झुकली आणि भागवतने ती पाठीवर धरली. मागे भिंत, पुढे मातीचा ढीग, उभं राहायला जेमतेम हातभर जागा. वर आभाळाचा एक गोल तुकडा दिसत होता. मी ओरडलो.

"भागवत, रिपोर्ट."

"धरलंय. बल्ली लावा, उस्ताद."

पायाशी लाकडाची बल्ली पडली होती. ती उभी करून दरडीखाली टेकू द्यायचा, मग दोघंही सुटलो असतो. मी ती छातीपर्यंत उचलली. हात सुटले. पुन्हा उचलली. पुन्हा सुटले. एरवी तशी बल्ली मी एका दमात खांद्यावर घेतली असती.

वरून दोर आला.

"तू आधी. ऑर्डर आहे," मी म्हणालो.

"मी हाललो की दरड येती. तुमी जावा."

"तुझ्यात किती दम आहे?"

"दोन मोळ्या हायेत."

मी कमरेला दोर बांधला. वरच्या माणसांनी मला ओढलं. काठावर पोचलो आणि दोर परत खाली सोडला. दोर अर्ध्यावर असताना दरड भागवतवर आली. दोन वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

रेजिमेंटच्या स्मारकावर भागवतचं नाव नाही. सुट्टीवर असताना मेलेल्याचं तिथे लिहीत नाहीत.

तेराव्याला मी त्याच्या आईपुढे बसलो. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"त्यानं दोन मोळ्यांचं बळ ठिवलं न्हवतं का रं?"

"ठेवलं होतं, मावशी," मी म्हणालो. "ते मला दिलं."