ब्रेकमास्तरांची साक्ष

माझा धाकटा भाऊ गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक ह्याच्या. शिकणाऱ्याने अजून किल्लीसुद्धा फिरवलेली नसते, तेव्हापासून ह्याचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर. म्हणून सगळे त्याला ब्रेकमास्तर म्हणतात. घरी सोफ्यावर बसलेला असतानाही टीव्हीत कुणी जोरात गाडी हाकली की ह्याचा पाय दाबला जातो. खोटं वाटत असेल तर येऊन बघा. चहापण मिळेल, फक्त तो वहिनीच्या हातचा मागा.

आम्ही कॅथलिक. चर्चच्या मागे शाळेचा हॉल आहे, तिथे गुरुवारी संध्याकाळी आमच्या समूहाची प्रार्थनासभा भरते. फादर अधूनमधून येतात, पण सगळं चालवतो आम्हीच, साधी प्रपंचातली माणसं. गिटारवाला बँकेत आहे, प्रमुख हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आणि खुर्च्या लावायला मी. हात वर करून गाणी म्हणायची. कुणाला पवित्र आत्म्याचा स्पर्श होतो आणि तो रडतो, कुणी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत देवाची स्तुती करतो. पहिल्यांदा आले तेव्हा मी दाराजवळची खुर्ची धरून बसले होते, पळायला सोपं म्हणून. आता दुसरं कुणी दाराजवळ बसलं की मीच त्याला पुढे ओढते.

समूहाचा जीव दोन कामांत. विस्कटलेली घरं पुन्हा एकत्र आणायची, आणि जोडीजोडीने दारोदार जाऊन सुवार्ता सांगायची. माझ्या भावाला दारं पुरत नाहीत. सिग्नल लाल झाला की तो शिकणाऱ्याला येशूबद्दल सांगायला लागतो. स्टीअरिंग सोडून बिचारे जाणार कुठे. एक बाई मला म्हणाली, "तुमच्या भावाकडे शिकायला लागल्यापासून मी प्रार्थना करते."

मी म्हटलं, "अरे वा."

"सिग्नल लवकर हिरवा होऊ दे म्हणून."

पण मास्तरांचं खरं नाव झालं ते त्यांच्या साक्षीमुळे. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. ह्याची साक्ष अशी: लग्नाला काही वर्षं झाल्यावर ह्याने बायकोला गाडी शिकवायला घेतली. अनोळखी माणसाशी साखरेसारखं बोलणारा हा, चौकाच्या मधोमध तिच्यावर ओरडला, "पाय आहेत का दगड?" मागे दुसरी एक शिकाऊ मुलगी बसलेली. वहिनीने शांतपणे हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि चौकातून चालत घरी गेली. ती बोलायची थांबली. हाही मग अडून बसला, माफी कशाला मागू म्हणून. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, दोन वर्षांहून जास्त काळ दोघं एकमेकांशी अक्षर बोलली नाहीत. जे काय बोलायचं ते मुलीकरवी. ती तेव्हा पहिली-दुसरीत. "मम्मीला सांग, किल्ली कुठेय." "पप्पांना सांग, जिथे ठेवली तिथेच." पोरगी स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत.

हे सांगताना मास्तर दोन बोटं हवेत चालवून तिची पळापळ दाखवायचा. हॉल हसून लोटपोट. मग समूहातल्या एका जोडप्याने ह्या दोघांना दांपत्य-शिबिराला ओढून कसं नेलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्यावर दोघं कशी रडली आणि बोलायला लागली, ते यायचं. शेवटचं वाक्य ठरलेलं: "आम्ही बोलत बोलत घरी आलो, आणि आमच्या पोस्टमनची नोकरी गेली." टाळ्या.

चेष्टा मी करते, पण त्या साक्षीवर लोकांची घरं सावरलीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेगळ्या रांगेत बसलेले नवरा-बायको सभेनंतर एका छत्रीतून गेलेत.

आणि पोरीचं नाव पडलं पोस्टमन. लहानपणी ठीक होतं. ती मोठी झाली, फिजिओथेरपी शिकली, हॉस्पिटलात लागली, तरी हॉलच्या दारात पाय ठेवला की "आली आमची पोस्टमन." ती ओठांनी हसायची, डोळ्यांनी नाही. नोकरी लागल्यावर मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायला लागली, गुरुवार सुटले, मग घरी येणंही कमी झालं.

यंदा हेडबाईंनी ठरवलं की कुटुंब-सेवेची, म्हणजे विस्कटलेली घरं जोडायच्या कामाची, सगळी जबाबदारी मास्तर आणि वहिनीकडे द्यायची. कुटुंब-शिबिराच्या शेवटी तिघांनी एकत्र उभं राहायचं. भावाने आनंदाने मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मी येणार नाही. आणि पप्पा, माझी गोष्ट सांगणं बंद करा." त्यानंतर तिने ह्याचा फोन उचललाच नाही.

हा माझ्याकडे आला. "ताई, गोष्ट माझी की तिची? मोडत होतं ते माझं लग्न."

"मला काय विचारतोस, तिला विचार."

"उचलत नाही ना. साक्षीचं राहू दे, पण ती अशी तुटली तर आम्ही कुठल्या तोंडाने दुसऱ्यांना कुटुंब शिकवायचं? आणि शिकवायचं जाऊ दे. माझी पोरगी आहे ती." त्याने चहाचा कप न पिताच खाली ठेवला, म्हणून मी त्याला आणखी चिडवलं नाही.

माझ्या गुडघ्याने आयुष्यभर त्रास दिला, त्या दिवशी उपयोगी पडला. मी सरळ तिच्या हॉस्पिटलात नाव नोंदवून गेले. तिने मला टेबलावर आडवं केलं आणि गुडघा वाकवायला घेतला.

"पप्पांनी पाठवलंय ना?"

"गुडघ्याने पाठवलंय. हळू गं, परका नाही तो."

तिने गुडघा आणखी एकदा वाकवला. मग म्हणाली, "आत्या, मी एकही निरोप जसाच्या तसा पोचवला नाही."

"म्हणजे?"

"पप्पा म्हणायचे, सांग तिला, उद्यापासून मी बाहेर जेवेन. मी मम्मीला सांगायचे, पप्पांना उशीर होणार आहे, तू जेवून घे. मम्मी म्हणायची, स्वतःचे शर्ट स्वतः धुवा म्हणावं. मी सांगायचे, मम्मी म्हणाली, निळा शर्ट तुम्हाला शोभतो. आधी दारामागे उभी राहून मनात बसवायचे, मग आत जायचे. 'सांग तिला' ऐकलं की पोटात दुखायला लागायचं. दोघांनी कधी ताळा केला तर मी पकडली जाणार. आणि मम्मी रागाने निघून गेली, तर ते माझ्याच चुकीने."

तिने दुसरा गुडघा वाकवायला घेतला.

"पहिल्या पापनिवेदनाला मी फादरांना सांगितलं, मी खोटं बोलते. ते म्हणाले, किती वेळा? मी म्हटलं, रोज. काय खोटं ते ऐकलं आणि म्हणाले, जा बाळा, खेळ. प्रायश्चित्त दिलंच नाही. सगळ्यांना काही ना काही प्रार्थना म्हणायला दिली होती. मला वाटलं, माझं पाप एवढं मोठं की त्याला प्रायश्चित्तच नाही. किती वर्षं तसंच वाटत होतं. आणि पप्पा त्याच्यावर हॉलभर लोकांना हसवतात. आत्या, तू सांग त्यांना."

माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. पण हे काही मी पोचवायचं नव्हतं. ती मला पोस्टमन करू बघत होती, आणि मी तिला तेच म्हटलं. "तूच सांग त्याला."

"तोंडाकडे बघून नाही जमणार."

"मग गाडीत सांग. त्याच्या गाडीत शेजारच्याच्या तोंडाकडे बघितलं की तो ओरडतो."

असा माझ्या भाचीचा ड्रायव्हिंगचा पहिला धडा ठरला. ती गाडी चालवायला, शेजारी मास्तर, मागे मी, सोबतीला. मास्तरच्या अंगात निळा शर्ट. ह्याचं कपाट उघडलं तर आत आकाश दिसतं, सगळे निळेच. मला ह्याचं कारण हॉस्पिटलात कळलं होतं, त्याला अजून कळायचं होतं.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर ती समोर बघत बोलायला लागली. शर्टापर्यंत आली तेव्हा त्याचा पाय ब्रेकवरून उचललेला मी पहिल्यांदा पाहिला.

"गिअर बदल," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि ते, मी उशिरा आलो की घर सुनं वाटतं, असं मम्मी म्हणाली होती ते?"

"तेही मीच."

"डावीकडे घे. इंडिकेटर दे. थांबव."

गाडी कडेला थांबली. त्याने हात मांडीवर ठेवले. "गुरुवारी गुरुवारी तेच सांगून मी लोकांना हसवत होतो."

"हो."

"तू कशी सहन करायचीस?"

"म्हणून तर यायची थांबले."

त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "ताई, काहीतरी बोल ना." जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी बोल म्हणालं, आणि नेमकं तेव्हाच मला काही सुचलं नाही.

शेवटी पोरगीच म्हणाली, "शिबिराला येते मी. पण ती गोष्ट सुरू झाली की मी उठेन, आणि मग परत कधी येणार नाही. धमकी नाही देत, पप्पा. मला खरंच बसवणार नाही."

वहिनीला त्याने ह्यातलं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, तुझ्या नावावर मला पोचलेली कौतुकं तुझी नव्हती म्हणून? शिबिराला निघताना तो पांढरा शर्ट घालून आला. वहिनी म्हणाली, "निळा कुठेय?" तर म्हणे, धुवायला टाकलाय. ती लाँड्रीच्या काउंटरवर काम करते. तिच्यासमोर असलं खोटं टिकतं होय? पण ती सरळ गाडीत जाऊन बसली.

हॉल गच्च भरलेला. पोरगी आत आली आणि झालंच, "आली, पोस्टमन आली." हेडबाईंनी कौतुकाने मास्तरच्या हातात माईक दिला. "सांगा मास्तर, आज तर पुरावाच समोर बसलाय." सगळे हसले. पोरीने पर्स मांडीवरून उचलून खांद्याला लावली.

माईक हातात आला की माझ्या भावाला थांबवायला दुसरा ब्रेक कुणी बसवलेला नाही. "आमच्या घरात," त्याने नेहमीसारखी सुरुवात केली. मी मनात सगळ्या संतांना एकदम हाक मारली, कोण आधी पोचतो बघू म्हणून.

तो थांबला. दोन बोटं हवेत चालायला वर आली होती, ती त्याने मुठीत घेतली.

"ही साक्ष मी खूप वर्षं सांगितली," तो म्हणाला. "ती अर्धी होती. उरलेली अर्धी माझी नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही. आणि माझी अर्धीपण आजपासून बंद. मला इथे फक्त क्षमा मागायचीय, आणि ती माईकवर मागायची नाही."

माईक गिटारवाल्याच्या हातात देऊन तो खाली आला. गिटारवाल्याला काय करावं कळेना, त्याने भलत्याच सुरात गाणं उचललं. हेडबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे एकदा बघितलं. त्या काही उगाच मुख्याध्यापिका झाल्या नव्हत्या. म्हणाल्या, "क्षमेची वेळ आधी घेऊ. खुर्च्या गोल करा."

क्षमेच्या वेळी प्रत्येक घर आपापल्या गोलात बसतं. आई-बाप मुलाच्या डोक्यावर हात ठेवतात आणि तेच आधी क्षमा मागतात. 'सगळ्याबद्दल क्षमा' चालत नाही, काय केलं ते बोलावं लागतं. भावाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "मी माझे निरोप तुला वाहायला लावले. वर त्यावर लोकांना हसवलं. मला क्षमा कर."

आता वहिनीची पाळी. मला वाटलं, हिला बिचारीला काही ठाऊक नाही, गोंधळेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

पोरीने मान वर केली. "काय माहीत होतं?"

"ह्यांनी उभ्या जन्मात भाजीला छान म्हटलं नाही. आम्ही पुन्हा बोलायला लागल्यापासूनही नाही. आणि तू येऊन सांगायचीस, पप्पा म्हणतात तुझ्या हाताला चव आहे. मला कळणार नाही का?"

"मग थांबवलं का नाहीस?"

"ऐकायला बरं वाटायचं." वहिनीने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. "दिवसभर लोकांचे मळके कपडे मोजून घरी यायचं, तेवढंच गोड कानावर पडायचं. तुझं पोट दुखतंय ते दिसायचं मला. तरी मी दाराकडे बघत असायचे, आज काय घेऊन येते म्हणून. ह्यांची चूक होती, पण ह्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

इथे मुलांनी 'मी क्षमा करते' म्हणायचं असतं. आजूबाजूच्या गोलांत रडणं, मिठ्या, स्तुती असो, स्तुती असो.

"लगेच नाही जमणार, मम्मी," ती म्हणाली.

"चालेल," वहिनी म्हणाली. "पण येत राहा."

पोरीने आईचा हात डोक्यावरून काढला आणि स्वतःच्या दोन्ही हातांत धरला. पर्स खांद्यावरून केव्हाच घसरून खाली पडली होती.

भावाला मात्र राहवलं नाही. "मग शर्टाचं काय?"

"कुठला शर्ट?"

"निळा. मला शोभतो असं तू..."

वहिनीने आधी लेकीकडे बघितलं, मग पांढऱ्या शर्टातल्या नवऱ्याला वरपासून खालपर्यंत. "ह्याच्यापेक्षा बरा दिसतो," ती म्हणाली. पोरगी हसली. ह्या वेळी डोळ्यांनीसुद्धा.

कुटुंब-सेवा त्यांच्याकडे आली की नाही विचाराल, तर हेडबाई म्हणाल्या, घाई नाही, आधी तुमचं तुमचं बघा. भावाला वाईट वाटलं असेल, पण त्याने दाखवलं नाही.

दुपारी पोरगी आमच्याबरोबर घरी यायला निघाली, राहायला. पुढे ती दोघं, मागे आम्ही. निघाल्या निघाल्या वहिनीने सुरू केलं, "तिसरा टाका की आता, गाडी ओरडतेय."

"अगं, शिकवतो मी गाडी."

"शिकवता, चालवत नाही. त्या गल्लीने घ्या."

"तिकडे रस्ता खणलाय."

"परवाच बुजवला. मी रोज जाते तिथून."

पोरगी आधी सवयीने ताठ बसून एकदा ह्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मग तिने पाठ टेकली. पुढच्या वळणाला तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, आणि तोंड किंचित उघडं टाकून ती गाढ झोपली.

वहिनीने मागे वळून बघितलं. "झोपली?"

मी मान हलवली.

"हळू चालवा," ती नवऱ्याला म्हणाली.

"आणखी किती हळू?" त्याने तिला विचारलं, आणि घर येईपर्यंत दोघांचं दबक्या आवाजात त्याच्यावरूनच चाललं होतं.