एकच वन्स मोअर

सेनगावच्या मंगल कार्यालयात दुपारी एक जुनं संगीत नाटक लागलं होतं, नव्या विनोदी रूपात. विनोद म्हणजे काय, तर राजा भर दरबारात मोबाइल काढायचा आणि आम्ही खदाखदा हसायचो. पदं सगळी कापलेली. पहिली ओळ झाली, की कुणीतरी गाणाऱ्याला ढकलायचं.

माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. पांढरंशुभ्र धोतर, हातात घडी घातलेला रुमाल. नट बोलायच्या आधीच त्याचे ओठ हलायचे, आणि मोबाइल निघाला की अडखळून थांबायचे.

शेवटी शेवटी नायिकेनं एक ओळ खरोखर सुरेल गायली. म्हातारा ताडकन उठला आणि रुमाल हलवत ओरडला, "वन्स मोअर!"

लोकांना वाटलं, हाही नाटकातलाच. हशा उसळला. राजानं त्याला मुजरा केला. गाणारी पोरगीही तोंडावर हात ठेवून हसली. मीही हसलो.

परतीच्या जीपमध्ये जो तो म्हणत होता, "लई मजा आली." म्हातारा पुन्हा माझ्याच शेजारी, रुमालाची घडी मोडत, घालत. मी विचारलं, "बाबा, तुमाला कसं वाटलं?"

"लोकायचं जाऊ द्या," तो म्हणाला. "पण पोरगी बराबर गाऊन राहिली होती. तिला काहून हसू आलं?"

त्याचं गाव, साखरा आलं, तसं मी त्याला हात देऊन उतरवलं. उत्तर मला ठाऊक होतं. हसण्याआधी तिनं आम्हा हसणाऱ्यांकडं बघितलं होतं.