मामाने बांधलेला हात

भुईगावात माझ्या मामाकडे लोक मोडलेले हातपाय घेऊन पार विरारहून येतात. तो पैसे घेत नाही, नारळ घेतो. अट एकच: त्याने बांधलेली पट्टी दुसऱ्या कुणी सोडायची नाही. सोडली, तर त्या घरातल्या माणसाला तो पुन्हा हात लावत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच्याच वाडीत सोनचाफा काढताना मी शिडीवरून पडले, ती उजव्या तळहातावर. कोपर बघता बघता सुजलं. मामाने ते चाचपलं आणि चाचपत खाली मनगटापर्यंत आला. तिथे दाबल्यावर मी अशी ओरडले की मामीच्या वाटीतलं तेल सांडलं. त्याची बोटं थांबली, दोनदा पुन्हा तिथेच गेली. मग म्हणाला, कोपराचं हाड दुखावलंय, मनगटाला नुसता मुका मार आहे. आणि त्याने कोपर तेवढं बांधलं.

वसईला घरी नवरा रोज म्हणायचा, एक्स-रे काढू. मी रोज भांडायचे. तू घाटावरचा, तुला काय ठाऊक माझा मामा कोण आहे, इथपर्यंत बोलले. मनगट ठणकत होतं, करंगळीच्या बाजूचं हाड वर आलं होतं. मामाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला सूज आहे, उतरेल. मला ते पटलं, कारण मला ते पटवूनच घ्यायचं होतं.

दीड महिन्याने त्याने पट्टी सोडली. कोपर वाकत होतं, पण तळहात काही केल्या वर वळेना. दुपारी मामीने वाढलेल्या भाताचा घास उचलला, तर तो तोंडाकडे येईना. मीच मान वाकडी करून घासापर्यंत गेले. मामा ताटातून वर बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी वसईतल्या डॉक्टरांनी कोपर आणि मनगट दोन्हींचे एक्स-रे काढले. कोपरापाशी हाड मोडलं तेव्हाच खाली मनगटाचा सांधाही निखळला होता. पडण्यात कधीकधी दोन्हीकडे इजा होते, म्हणून कोपर दुखावलं की मनगट बघायचंच असतं, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या काही दिवसांत आला असतात तर बरंच सोपं होतं. आता ऑपरेशन केलं तरी हात पूर्ण वळेल याची खात्री नाही. एवढा सरकलेला सांधा नुसत्या बोटांनी चाचपूनही कळतो, असं ते सहज बोलून गेले.

मी तडक भुईगाव गाठलं. मामा ओटीवर होता. तुला कळलं होतं का, एवढंच विचारलं.

"कल्लं होतं," तो म्हणाला. "पन तुला दवाखान्यात धाडली असती तर गाव बोललं असतं, सख्ख्या भाचीचा हात याला जमला नाय."

परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. इथे आपल्याच माणसाने केसाने गळा कापला होता. माझ्या घासापेक्षा त्याला त्याचं नाव मोठं वाटलं, असं मी त्याला तोंडावर सांगितलं.

"मना वाटलं, तू दोन दिसांत पट्टी फेकशील नि डॉक्टरकडं जाशील. लहानपनापासून कोनाचं ऐकलं नाय तू. माझंच कशाला ऐकलंस?"

तू माझा मामा म्हणून, असं सांगायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. सवयीने त्याने माझं मनगट धरायला हात पुढे केला. मी माझा हात मागे घेतला.