हिल्डेगार्डचा वरचा स्वर

नदीकाठच्या आयबिंगेन या जर्मन गावात गेर्लिंडला नावापेक्षा गळ्यामुळे ओळखत. संत हिल्डेगार्ड याच नदीकाठची. आठ-नऊशे वर्षांमागे तिने मठातल्या बायकांसाठी गाणी रचली, तीही अशी, की आवाज तळघरातून निघावा आणि घंटेच्या मनोऱ्याला जाऊन टेकावा. मनोऱ्यावरचा तो स्वर गेर्लिंड सून म्हणून गावात आली तेव्हापासून तिचाच.

यंदा साठी जवळ आली आणि स्वर सोडून गेला. द्राक्षमळ्यात एकटी असताना तिने लावून पाहिला. नुसती हवा निघाली.

"वाल्बुर्गा, यंदा सणाला मला मागच्या रांगेत उभं कर," तिने बायकांच्या गायनमंडळाच्या प्रमुखबाईंना सांगितलं.

"चल गं! दरवर्षी तुझं हेच रडगाणं, आणि मग चर्च रडवतेस."

"या वेळी खरंच लागत नाही."

"लागेल. संत बघून घेईल."

घरी नवरा, एगॉन, कांद्याचा खारा केक कापत म्हणाला, "माझ्या बहिणी माइन्त्झहून खास तुझ्यासाठी येतायत. आता नाही म्हणालीस तर लोक म्हणतील, एगॉनने बायकोला गप्प केलं."

"तुझ्या बोलण्याने मी कधी गप्प झालेय?"

तो हसला. त्याच्यापुरता विषय मिटला. गेर्लिंडने मात्र आपली ताटली बाजूला सारली. कौतुकाच्या माणसाला रजा नसते.

संतेच्या सणाला तिची अस्थिपेटी गावभर मिरवून चर्चमध्ये आली. या गाण्यांना वाद्याची साथ नसते. पहिली ओळ गेर्लिंडने एकटीने धरायची. ती धरेल ती सगळ्यांची पट्टी. तिने श्वास घेतला आणि पट्टी चांगली चार स्वर खाली धरली.

वाल्बुर्गाने डोळे वटारले. पण सुरू झालेलं गाणं थांबवणार कोण? वरचा स्वर आता सगळ्यांच्या आवाक्यात आला होता. बायकांनी तो मिळून उचलला. सुटले, गेर्लिंड मनात म्हणाली.

पण गाणं उतरू लागलं. त्याला जेवढं उंच छत, तेवढाच खोल तळ. एकेक आवाज गळत गेला आणि शेवटच्या ओळीत, खर्जात, एकटी गेर्लिंड उरली. वयाने वरचं काढून घेतलं ते खाली साठवून ठेवलं होतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

अंगणात वाल्बुर्गाने तिला मिठीच मारली. "लबाड! हे कुठे लपवलं होतंस? आता दरवर्षी हीच पट्टी."

"अगं, दुसरी कुणीतरी..."

"दुसरी कोण? इतक्या खाली उतरतं कोण?"

गेर्लिंडने तोंड उघडलं, पण भोवतीच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या होत्या.