दसऱ्याचं तेल

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमधले मेकॅनिक माझ्या वडिलांच्या वयाचे होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आणि तिथे शिकवणारी मी त्यांच्यावर ओरडायची. ऐंशीच्या दशकात मशीनवर काम करणारी बाई म्हटली की लोक हसत, म्हणून मी आधीच चिडून बसलेली असायची. भाऊ शांतपणे म्हणत, "मॅडम, आधी चहा घ्या. मंग भांडू."

त्या वर्षी धंतोलीतल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला काम दिलं. खुब्याचा कृत्रिम सांधा सिमेंट न लावता बसवायचा होता. धातूचा खरखरीत दांडा मांडीच्या हाडात ठोकून घट्ट बसवायचा आणि पुढे हाडच वाढून त्याला धरून ठेवतं. डॉक्टर काटोलच्या संत्रावाल्यांच्या घरातले. ते म्हणाले, "संत्र्याचा डोळा बांधल्यावर हलला तर कलम धरत नाही. तसंच हे. सुरुवातीला हलता कामा नये." मेडिकल कॉलेजातून रीतसर मिळालेल्या हाडात दांडा ठोकायचा, मशीननं त्यावर चालण्याइतका भार टाकायचा आणि तो किती सरकतो ते डायलच्या सुईवर बघायचं, एवढं आमचं काम.

तसाच दुसरा दांडा जिला बसणार होता, ती भाऊंची बायको. चाळिशीची, घरच्या हातमागावर लुगडी विणणारी, दोन वर्षांपासून बहुतेक बसूनच असलेली, उठलीच तर भिंत धरून चालणारी. या वयात सिमेंटचा सांधा बसवला तर तो पुढे सैल होईल, म्हणून डॉक्टरांना तो नको होता. सुई जागेवर राहिली तर ऑपरेशन, हलली तर तिनं आणखी काही वर्षं तसंच काढायचं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी दांडा ठोकला. तो इतका अलगद आत गेला की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मशीन सुरू केलं आणि सुई हलली. प्रत्येक वेळी भार पडला की हलायची. भाऊ माझ्या मागेच उभे होते. मी आकडे लिहिले आणि डॉक्टरांना फोन करायला उठले. फार वाईट वाटत होतं, म्हणून उगाच भाऊंवरच खेकसले, "ती पक्कड तरी जागेवर ठेवा."

पक्कड उचलताना ते म्हणाले, "मॅडम, म्या त्या दांड्याले तेल लावलं होतं."

"कशाला?"

"पूजेत. सगळ्या मशिनीले लावलं, हळदकुंकू वाह्यलं. मंग वाटलं, असंच एक तिच्या अंगात जाणार हाय, तर याले काहून सोडाचं? जरा जास्तच लावलं."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लॅबमधली यंत्रं पुसून, तेल लावून पुजायची आमची रीत होती. पण घट्ट बसवायचे भाग कोरडे ठेवा म्हणून वर्षानुवर्षं पोरांना दटावणारा हा माणूस! मी त्यांना खूप बोलले. बोलता बोलता दांडा हाडातून काढला, तर त्याच्या खरखरीत अंगात कुंकू रुतून बसलेलं. ठोकण्याआधी तो तपासणं हे माझं काम होतं.

डॉक्टरांना फोनवर चूक माझी म्हणूनच सांगितली. त्यांनी दुसरं हाड मिळवून दिलं. भाऊंनी दांडा स्पिरिटमध्ये घासला, वाळवला, पुन्हा घासला. या वेळी ठोकताना माझा दंड भरून आला. मशीन सुरू झालं तसे भाऊ सुईकडे पाठ करून उभे राहिले.

"काय म्हणते सुई?"

"तुम्हीच बघा."

सुई जरा थरथरली, पण तिनं जागा सोडली नाही. भाऊंनी वळून बघितलं आणि मग स्टुलावर बसून रडले. त्या दिवशी चहा मी आणला.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, पूजेला, भाऊंची बायको काठी टेकत, फाटकापासून चालत लॅबमध्ये आली. आमच्या चाचणीतला तो दांडा टेबलावर ठेवला होता. भाऊंनी सवयीनं तेलाची कुप्पी उचलली, ती तिनं त्यांच्या हातातून काढून घेतली. "याले कोरडंच राहू द्या," म्हणाली, आणि त्याला नुसतं कुंकू लावलं. आरती लांबली तसं मी तिच्यामागे स्टूल सरकवलं.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली. "दोन वर्सं बसूनच होती."