चाकांवरच्या घराची साक्ष

नेब्रास्काच्या माळावरच्या त्या गावात चाकांवरचं एक लाकडी घर होतं. सरकारी जमीन नावावर करायची तर तिच्यावर खिडकीचं घर हवं, असा कायदा. मग लोक बैल जुंपून तेच घर आज याच्या, उद्या त्याच्या जमिनीवर नेत, आणि लेम्युएल ट्रेडवे वकील बायबलवर हात ठेवून सांगत, "घर मी डोळ्यांनी पाहिलं." सगळं गाव या साक्षींवर वसलेलं. ट्रेडवेंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं हसत हसत म्हणायचं आणि दर निवडणुकीत त्यांनाच विधिमंडळात धाडायचं.

नदीकाठच्या तुकड्यावर दुकानदार प्रुइटनं घर नेलं, तेव्हाही साक्षीला ट्रेडवेच. तिथे अल्माइरा कॉब ही विधवा दोन वर्षं दरडीत खोदलेल्या खोलीत राहत होती, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या खोलीला खिडकी नव्हती. कायद्याला माणसं दिसत नाहीत, खिडक्या दिसतात.

अल्माइरानं सरकारी जमीन-कचेरीत तक्रार केली. गावात वकील एकच, म्हणून चौकशीत तीच प्रश्न विचारायला उभी राहिली. आदल्या दिवशी प्रुइट ट्रेडवेंना सांगून गेला होता, "चाकांचं नाव काढलंत तर माझ्या एकट्याची जमीन नाही जायची, वकीलसाहेब. सगळ्यांच्या जातील. तुमचीसुद्धा."

"घर पाहिलंत?" अल्माइरानं विचारलं.

"पाहिलं."

"खिडकीतून काय दिसत होतं?"

"गवत."

"माझ्या नवऱ्याचं थडगं नाही दिसलं? पाद्री नव्हता, तर त्याच्यावर प्रार्थना कुणी वाचली होती हो?"

"मी," ट्रेडवे म्हणाले.

कचेरीच्या अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि थडगं म्हणजे काही घर नव्हे, असं सांगितलं. घराला चाकं होती, एवढंच ट्रेडवेंनी बोलायला हवं होतं. मागच्या बाकांवर सगळं गाव बसलेलं. ट्रेडवेंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चाकांचं नाव त्यांनी काढलं नाही.

जमीन प्रुइटच्या नावावर झाली आणि अल्माइरा पश्चिमेकडे निघून गेली. निवडणूक ट्रेडवे जिंकले.

त्या हिवाळ्यात प्रुइटची आई वारली. गावाला पाद्री अजून नव्हताच. खड्ड्यापाशी सगळ्यांनी टोप्या काढल्या. ट्रेडवेंनी प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. मग ते मिटून त्यांनी शेजाऱ्याच्या हाती दिलं.

"तुम्ही वाचा," ते म्हणाले. "माझ्या तोंडून नको."