शहापूरच्या काट्यावरची मुकी बीप

"साहेब, गाडी हलूनच नाही राहिली!"

मुनीम वासुदेवराव तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा मी नव्या कॉम्प्युटरच्या वायरी तपासत होतो. ऐंशीच्या दशकाचा शेवट. शहापूरच्या एका राइस मिलमधला वजनकाटा. धानाची बैलगाडी काट्यावर चढली, मुनीमजींनी वजन टाईप केलं, स्क्रीनवर आकडा बरोबर आला, पावतीही छापली. गाडी मात्र जागची हलेना. मागे लाईन पार हायवेपर्यंत. गाडीवाले माझ्याकडे पाहून राहिले, मी त्यांच्याकडे. काही म्हणता काही समजेना!

जुन्या मशीनवरचा प्रोग्राम साध्या अक्षरी स्क्रीनचा होता. तो मी खिडक्या आणि बटणं दाखवणाऱ्या नव्या लायब्ररीवर आणला होता. लायब्ररी म्हणजे तयार फंक्शनांचा संच. एक चौकट काढतं, एक आवाज करतं. कंपायलर, म्हणजे आमचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा, त्यानं एकही चूक दाखवली नव्हती.

तेवढ्यात मिलचे मालक शेठ आले. "काय जी, जुनी मशीन न्यायले ट्रक दुपारी येऊन राहिला. तोवर हे चाललं नाही, तर नवीन मशीन अन् तुमी, दोघंही त्याच ट्रकमधी बसा."

माझी पहिलीच नोकरी. काही सुचेना म्हणून कोपऱ्यातली जुनी मशीन चालू केली. तीच गाडी, तेच वजन. एंटर दाबलं. मशीन 'टीं' करून वाजली, गाडीवाल्यानं बैल हाकले आणि गाडी उतरली.

"आता काहून गेला हा?" मी विचारलं.

"टीं वाजली न," मुनीमजी म्हणाले. "शेठचाच नियम हाय. टींच्या आधी गाडी हलली त माप बाद. मंग लायनीत मागं."

"अहो, मग मघाशी सांगायचं ना!"

"मले वाटलं, तुमीच बंद केली. नवीन मशीन, नवीन कायदा."

मी डोक्याला हात लावला. पण बीपचं फंक्शन तर कोडमध्ये जसंच्या तसं होतं! नुसतं तेच एकटं चालवून पाहिलं. चूक नाही, आवाजही नाही. मॅन्युअल चाळल्यावर उलगडा झाला. फंक्शन कालबाह्य, आमच्या भाषेत डेप्रिकेटेड, ठरलं होतं. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून नाव तेवढं ठेवलेलं, आत काहीच नाही. हाक मारली की 'ओ' देतं, काम करत नाही. त्याच्या जागी आलेल्या नव्या फंक्शनला आधी कोणत्या खिडकीसाठी वाजायचं ते सांगावं लागे.

ते टाकलं. वाजलं, पण आवाज जाडा. पुढचा गाडीवाला ढिम्म. "हे आपली टीं नोहे," म्हणाला. शेवटी शेठ स्वतः काट्याजवळ गेले आणि ओरडले, "अरे हलवा रे बाबा, आजपासून हेच खरी!"

मग लाईन सुटली. ट्रक जुनी मशीन घेऊन गेला, मी राहिलो.

पुढे तीस वर्षं हेच काम केलं. कंपायलर चूक दाखवतो तेव्हा मला बरं वाटतं. तो गप्प राहिला की मी उठून आधी बाहेरची लाईन पाहून येतो.